पुंडलिकरावांच्या इंजिनाचा साज

वणीहून मुकुटबनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. एकसष्ट सालात तिथं कोणाकडेही पाहुणा आला, की त्याला आधी पाणी मिळायचं, मग गुळाचा खडा, आणि तो खडा तोंडात विरघळायच्या आत उत्तमसिंग दारात येऊन उभा राहायचा. “चाला, तुमाले इंजिन दाखवतो.” पाहुणा पोरगी पाहायला आलेला असो की मयतीला, उत्तमसिंगच्या लेखी सारखाच. बिचाऱ्याला उठावंच लागे.

तांड्याच्या तोंडाशी, लिंबाखाली, लांब नाकाडाचा डिझेलचा ट्रक उभा असे. उत्तमसिंग बोनेटची कडी काढी, नव्या नवरीचा पदर बाजूला करावा तसा पत्रा अलगद वर उचली आणि मागं सरकून उभा राही. मग पाहुण्याच्या तोंडाकडे पाही. इंजिनाकडे नाही, इंजिन त्यानं पुष्कळ पाहिलेलं होतं.

गाडी त्याची नव्हती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः होऊन कधी सांगत नसे. गाडी पुंडलिकरावांची. काळ्याभोर जमिनीचा, कपाशीचा माणूस. जाताना गाडीत कापूस, येताना राजूरच्या खाणीचा कोळसा, असा त्यांचा हिशेब. उत्तमसिंग त्यांचा ड्रायव्हर. इंजिनावर तेलकट लाल रंग चढलेला पाहून पुंडलिकराव एकदा म्हणाले होते, “गाडी माही, लाड तुहे. कर बापा. फक्त कापूस वेळेवर पोचला पायजे.”

आता ड्रायव्हर लोक गाडी सजवतात, त्यात नवल नाही. दारावर मोर काढतात, आरशाला गोंडे बांधतात, पुढं लिंबू-मिरची लटकवतात. उत्तमसिंगला या सगळ्याची कीव येई. “चालते कोण?” तो विचारायचा. “दार चालते का आरसा चालते? जो चालते त्याले नटवा ना.”

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बापाकडून. डोंगरसिंग, त्याचा बा, लदेणीच्या शेवटच्या दिवसांतला. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून तांडे मुलूखभर फिरत, त्याला लदेणी म्हणत. आता त्याच लोकांनी कुडाची घरं बांधली, वावरं केली, पण डोंगरसिंगच्या तोंडातून बैल काही गेले नाहीत. सगळ्या बैलांच्या पुढं एक बैल चालायचा, तो गराशा. अंगावर लाल झूल, कवड्यांच्या माळा, शिंगांना पितळी टोपणं, गळ्यात घुंगरं. तो चालला की तांडा चालला. तो बसला की तिथंच मुक्काम. कोणाला ताप भरला तर त्याच्या खुरांशी डोकं टेकायचं. उत्तमसिंग लहानपणी ही गोष्ट ऐकत ऐकत झोपायचा, आणि झोपायचा म्हणूनच गोष्टीचा शेवटचा भाग त्याच्या कानावरून कायमचा राहून गेला. तो भाग पुढं येईलच.

तर इंजिन हे पुढं चालतं, म्हणून ते गराशा. इतका सरळ विचार.

सुरुवात घरातल्या चिंचेपासून झाली. डिझेलचे पितळी नळ चिंच आणि राख लावून घासायचे. उत्तमसिंगची बायको धनीबाई शेजारणीला सांगे, “माह्या घरी वरणाले चिंच नाई, अन् गाडी खाऊन खाऊन झळकून राह्यली.” मग धूर निघायच्या नळीला त्यानं चांदीचा रंग फासला, तो करपून अशी घाण सुटली की कुत्री गाडीखाली झोपेनाशी झाली. मग वणीच्या कल्हईवाल्याला गाठून त्याच नळीला कल्हई करवली. कल्हईवाला म्हणाला, हे भांडं नाही. उत्तमसिंग म्हणाला, तू कर. ऐन वैशाखात कोळसा भरून येताना नळी तापली, कल्हई वितळली आणि वणीच्या नाक्यावर बोनेट उघडलं तेव्हा थेंब थेंब खाली गळत होती. सगळे ड्रायव्हर गोळा झाले.

“उत्तमसिंग, तुह्या इंजिनाले घाम आला बे.”

“घाम नाई, रडून राह्यलं. दुसरा डायवर मांगते.”

उत्तमसिंगनं बोनेट आपटलं. ते हसू मुकुटबनपर्यंत त्याच्या मानेवर बसून आलं.

पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडाले, गाडी उभी राहिली आणि रिकाम्या डोक्यात चांदी शिरली. नागपूरला इतवारीत एक मुलामा चढवणारा होता. त्याला विचारून आला. तो म्हणाला, “लोखंडपर पहले तांबा, उसपर चांदी. चांदी तुम्ही आणा. जेवढी आणाल तेवढा थर जाड.”

चांदी घरात होती. धनीबाईच्या डोक्यावर.

बंजारा बाईची टोपली म्हणजे भाकरीची नव्हे. कानांवरच्या केसांत गुंफून गालांशी लोंबणारे चांदीचे भरीव दागिने, आणि त्यांच्या खाली बारीक घुगऱ्या, म्हणजे घुंगरं. लग्नात केसांत चढतात, नवरा असेतो उतरत नाहीत. बाई चालली की वाजतात. तांड्यात अंधारातसुद्धा कोण पाण्याला चाललं ते माणसं आवाजावरून सांगत.

उत्तमसिंग जेवता जेवता म्हणाला, “तुह्या टोपलीची कडी झिजली. एखाद्या दिवशी तुटून पडन. नागपूरले जोडून आणतो.”

धनीबाईचा हात भाकरीवर थांबला. “इतल्या वर्सांत माही कडी दिसली तुमाले?”

“दिसली म्हणूनच सांगतो ना.”

“दिवाळी झाली का भाचीचं लगन हाय. नवरीच्या केसात टोपली गुंफायचा मान फुईचा, म्हंजे माहा. मले तवा पायजे.”

“दसऱ्याच्या आत आणतो.”

तिनं दोन्ही बाजूंची टोपली सोडून त्याच्या हातात दिली आणि ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. तोंडावर हसू होतं. नवऱ्याला आपली झिजलेली कडी दिसली, याचं तिला कुठंतरी बरं वाटलं होतं. ते हसू उत्तमसिंगला तेव्हा सोयीचं वाटलं. पुढं तेच सगळ्यात जास्त लागलं.

इतवारीत मुलामावाल्यानं टोपली हातात घेतली, उलटीपालटी केली. “घरी सांगून आणली ना?”

“हव,” उत्तमसिंग म्हणाला.

इंजिनाच्या माथ्यावरचं लांबट झाकण, पंखा, हवेचा डबा असं सगळं त्यानं पोत्यात भरून नेलं होतं. घुगऱ्या तेवढ्या काढून घेतल्या, कारण गळ्यात घुंगरं नाहीत तो गराशा कसला. बाकीची टोपली तारेला बांधून औषधी पाण्याच्या टाकीत सोडली आणि वीज लावली. साबणाची वडी झिजावी तशी ती झिजत गेली. उत्तमसिंग समोर बसून होता, पण त्याची नजर दुसऱ्या तारेवर, झाकणावर होती. ते चांदणं पडल्यासारखं उजळत होतं.

घरी येऊन सांगितलं, सोनाराकडे गर्दी आहे. पोतं ट्रकच्या सीटखाली गेलं. तांड्यातल्या बाया विहिरीवर विचारत, “धनीबाई, डोकं दुखते का व? ओढणी काहून घट्ट?” आणि धनीबाई ऐटीत सांगे, “कडी जोडाले गेली नागपूरले. माह्या तर ध्यानात नव्हती. त्याईलेच दिसली.” हे तो लिंबाखालून ऐके. कानाच्या पाळ्या तापत. मग तो बोनेटात डोकं घालून उगाच एखादा नट आवळत बसे. तिथं कोणी तोंड पाहत नसे.

दसरा आला. रात्रीतून त्यानं सगळे भाग चढवले, घुगऱ्या तारेत ओवून बोनेटच्या आतल्या कडेला बांधल्या. सकाळी सगळा तांडा लिंबाखाली. पुंडलिकरावही धुतलेलं धोतर नेसून नारळ घेऊन आले, कारण पूजा काही झाली तरी त्यांच्या गाडीची. पुढं धनीबाई आरतीचं ताट घेऊन.

उत्तमसिंगनं पत्रा उचलला.

लाल रंगावर चांदी, चांदीखाली पितळ. पंखा तर असा लखलखला की लहान पोरं डोळ्यांवर हात धरून मागं सरली. पुंडलिकराव हळूच म्हणाले, “माह्या घरचे देव असे नाईत बाप्पा.”

डोंगरसिंगला आता फारसं दिसत नसे. त्याला हाताला धरून पुढं आणलं. म्हाताऱ्यानं झाकणावरून हात फिरवला. बोटं इकडून तिकडे गेली, परत आली. मग त्यानं वाकून कपाळ टेकलं आणि म्हणाला, “गराशा.”

उत्तमसिंग बघत राहिला. चाळिशी उलटलेला माणूस, पण त्या एका शब्दासाठी लहान पोरासारखा उभा होता. इथंच थांबला असता तर कदाचित निभावून गेलं असतं. पण घुंगरं वाजायची राहिली होती. तो केबिनमध्ये चढला आणि इंजिन चालू केलं.

इंजिन थरथरलं, पत्रा थरथरला, आणि घुगऱ्या वाजल्या.

धनीबाईच्या एका हातात ताट होतं. दुसरा हात आपोआप कानावर गेला. दळताना, पाणी ओढताना, लेक जमनीला मांडीवर घेऊन झोपवताना गालाशी वाजलेला तो आवाज. तिचा तिला कळणार नाही तर कोणाला. ताटातली ज्योत हलली. तिनं केबिनच्या काचेकडे पाहिलं. उत्तमसिंगनं स्टीअरिंगकडे पाहिलं.

मग इंजिन बंद करून तो खाली उतरला. तिनं आरती पुरी केली. पुंडलिकरावांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि म्हणाले, “उत्तमसिंग, उद्या पायटी, उजाडायच्या आत ये. कापूस भरून ठेवला हाय.”

“कोणावर भरता?” डोंगरसिंगनं विचारलं.

“गाडीवर. दुसरं कोणावर?”

“हे तर गराशा हाय ना. गराशाच्या पाठीवर ओझं नाई टाकत.”

झोपेत राहून गेलेला गोष्टीचा शेवट तो हा. साज चढवला, कपाळ टेकलं, की त्या बैलावर मूठभर मीठसुद्धा लादायचं नाही. तो फक्त पुढं चालणार.

पोरं हसली. पण म्हातारे हसले नाहीत. एकेकाची मान हलली. डोंगरसिंगनं सगळ्यांदेखत कपाळ टेकलं होतं, ते काही खोटं करता येत नव्हतं. पुंडलिकराव तांड्याच्या नायकाकडे, गुलाबसिंगकडे वळले. “नायक, मंग कापूस काय मी डोक्यावर नेऊ?”

गुलाबसिंग सरळ माणूस. त्याला न्याय करायला आवडे, फक्त जेवणाच्या वेळेआधी. तो म्हणाला, “यात काय एवढं? साज उतरवला का गराशा पुन्हा बैल होते. ज्यानं चढवला त्यानंच उतरवाचा, अन् ज्या घरचा दागिना त्या घरच्या बाईच्या ओटीत टाकाचा. बोल उत्तमसिंग, दागिना कोणाचा?”

“नागपूरचा,” उत्तमसिंग म्हणाला.

“नागपूर काय बाई हाय का?”

हसू पिकलं. ते पूर्ण व्हायच्या आत धनीबाईनं ताट खाली ठेवलं आणि ओढणी मागं सारली. एवढंच. दोन्ही कानांवरचे केस मोकळे होते. भांगात कुंकू, गळ्यात माळा, हातात कोपरापर्यंत बलोया, आणि टोपलीच्या जागी काही नाही. तांड्यातल्या बायांनी तोंडावर पदर घेतला. एकीनं मान फिरवली.

हसू कुठं गेलं कळलं नाही. डोंगरसिंग डोळे किलकिले करून इकडे तिकडे पाहत होता. “काय झालं? काहून चूप बसले सारे?”

सगळे उत्तमसिंगकडे पाहू लागले, म्हणजे सांगायचं काम कोणाचं ते ठरलं.

“बा,” उत्तमसिंग म्हणाला, “जमनीच्या याडीची टोपली हाय.” याडी म्हणजे आई.

“कुठी हाय?”

“इंजिनावर.”

म्हाताऱ्यानं ज्या हातानं झाकण चाचपलं होतं तो हात धोतराला पुसला. तो पुढं बरीच वर्षं जगला, पण गराशाची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

इंजिन चालून तापलेलं होतं. थांबावं असं उत्तमसिंगला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण तेवढा वेळ सगळ्यांसमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं पाना लावला, नट काढले आणि झाकण उचललं. बोटं पोळली. वरून चांदी, आतून काळं तेल गळत होतं. धनीबाईनं ओढणीचा पदर पुढं केला. आरशाच्या कामाची, तिनं स्वतः भरलेली ओढणी. तेल तिच्यात पसरत गेलं. ती जायला वळली, पुन्हा थांबली.

“घुगऱ्या राह्यल्या.”

त्यानं तारेतून एकेक सोडवून दिल्या.

मागून पुंडलिकराव हळू आवाजात विचारत होते, “अन् माह्या इंजिनाचं झाकण?” दुसऱ्या दिवशी वणीच्या भंगारातून एक गंजकं झाकण आणून बसवलं, आणि पंखा नि हवेच्या डब्यावर उत्तमसिंगनं काळा रंग फासला. ओझं चढलं. कापूस सरकी काढायच्या जिनात पोचला.

घरात धनीबाई भांडली नाही. त्याला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाक करी, वाढी, आणि जेवताना समोर फळीवर ते झाकण उभं असे. दिवाळी गेली. उत्तमसिंग मनाशी धरून होता की आता ही काही लग्नाला जाणार नाही. एका सकाळी ती म्हणाली, “चाला. गाडीची वेळ झाली. झाकण घ्या.”

“कायले?”

“लोकं इचारतीन, टोपली कुठी. मी खोटं नाई बोलत. तुमी दाखवजा.”

पुसदपर्यंत एसटीत तो झाकण मांडीवर घेऊन बसला. फडक्यात गुंडाळलेलं, तरी शेजारच्या माणसानं विचारलंच, “बाजा हाय का?” तिथून पुढं भावाच्या तांड्यापर्यंत पायी. धनीबाई पुढं, तो मागं, झाकण खांद्यावर. पुढं चालणारीच्या चालण्याला आवाज नव्हता.

मांडवात जी बाई भेटे ती आधी धनीबाईच्या कानांकडे पाही, मग घाबरून उत्तमसिंगकडे, की हा जिवंत कसा. धनीबाई हनुवटीनं खूण करी. उत्तमसिंग फडकं सोडी. ज्या माणसाला बोनेट उघडून दाखवायची एवढी हौस, त्याला त्या दिवशी पोटभर दाखवायला मिळालं. फक्त पाहणाऱ्याच्या तोंडाकडे त्याला पाहता येईना.

मानीबाई म्हणून नवरीची म्हातारी मावशी होती. तिनं झाकण हातात घेतलं, वरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, नखानं खरवडलं. “चांदी तर खरी हाय बाप्पा,” ती म्हणाली. “पण घालतेत कशी?”

मांडव हसला. आचारी हसला, वाजंत्री हसले. उत्तमसिंगही हसायला तोंड उघडून बसला, तेवढ्यात त्याला धनीबाई दिसली. ती हसत नव्हती.

मग नवरीला पाटावर बसवलं आणि टोपली गुंफायची वेळ आली. भाऊ म्हणाला, “धनी, ये.” ती जागची हलली नाही. म्हणाली, “मोकळ्या कानाच्या बाईनं नवरीच्या केसाले हात लावाचा नसते, भिया. तुमाले ठाऊक हाय.” भाऊ काहीतरी म्हणू लागला, चालते, समजून घेऊ. “नाई,” ती म्हणाली. “मानीबाई, तुमी गुंफा.”

उत्तमसिंग मांडवाच्या खांबाशी, झाकण मांडीवर घेऊन. मान वर करवत नव्हती, म्हणून खाली पाहत होता. आणि झाकण इतकं लखलखीत झालं होतं, त्या मुलामावाल्याच्या हाताला यश होतं, की खाली पाहूनही सुटका नव्हती. नवरीचे केस त्यात दिसत होते, वाकडे, लांबट. मानीबाईची सुरकुतलेली बोटं दिसत होती. आणि एका कडेला, पाटापासून दूर, हात पदराखाली घेतलेली धनीबाई.

तिनं पदराची गाठ सोडली. घुगऱ्या काढून मानीबाईच्या तळहातावर ठेवल्या. “ह्या बांधा पोरीले. इतलंच हाय माह्याजवळ.”

संध्याकाळी नवरी निघाली. रडत, पाहुण्यांच्या गळ्यात पडत, आणि वाजत. उत्तमसिंग तो आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकत राहिला. त्याच्या घरचा होता, ओळखीचा होता, आणि दुसऱ्याच्या गावी चालला होता.

धनीबाईला पुढं टोपली झाली. चौसष्टच्या होळीच्या आधी, वणीच्या सोनाराकडून. उत्तमसिंगनं घडवताना समोर बसून नजर हलवली नाही. तिनं ती घातली, चांगली दिसते का म्हणून काही विचारलं नाही. या घुगऱ्यांचा आवाज जरा जाड आहे. विहिरीवरून ती परत येते तेव्हा तांड्यातले लोक अजून क्षणभर थांबतात, मग म्हणतात, हां, धनीबाईच आहे.

झाकण फळीवर असतं. धुरानं आणि चुलीनं काळं पडतं, आणि दर दसऱ्याला उत्तमसिंग न सांगता चिंच घेऊन ते घासायला बसतो. गाडी अजून पुंडलिकरावांचीच. बोनेटची कडी तुटली ती त्यानं नवी बसवली नाही, सुतळीनं करकचून बांधून टाकली. एखादा जुना पाहुणा गूळ चघळत म्हणतोच, “उत्तमसिंग, ते इंजिन दाखवा ना गड्या.”

“इंजिनात काय पाहाचं हाय,” तो म्हणतो. “यंदा कापूस पाहा कसा आला.” आणि पाहुण्याच्या आधी स्वतःच उठून वावराकडे चालू लागतो.